दुर्बीण आणि विश्व : खान्देशातल्या गावोगावी आम्हाला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या शाळांमध्ये, वाड्यावस्त्यांवर, कधी एखाद्या केळीच्या मळ्यात आम्ही काही मित्र दुर्बीण घेऊन जातो आणि लोकांना आकाश दाखवतो. लाईनीत उभे असलेले लोक भरपूर विचारतात, पण मागे गर्दी असते म्हणून नीट उत्तर देता येत नाही, म्हणून इथे सगळं निवांत लिहून ठेवलंय. शाळेतल्या सरांनी, मॅडमनी यातलं काहीही बिनधास्त वापरावं.

दुर्बीण गॅलिलिओनेच शोधली ना?

नाही. पुस्तकात तसं वाचून वाचून डोक्यात बसलंय सगळ्यांच्या. नेदरलँड्समधल्या मिडलबर्ग गावात हान्स लिपरशे नावाचा चष्मे बनवणारा कारागीर होता, त्याने ऑक्टोबर १६०८ मध्ये तिथल्या सरकारकडे दुर्बिणीच्या पेटंटसाठी अर्ज केला. पण त्याच महिन्यात याकोब मेटियस नावाच्या दुसऱ्या माणसानेही तसाच अर्ज टाकला, आणि सरकारने सांगितलं की बाबांनो ही वस्तू बनवणं एवढं सोपं आहे की पेटंट कोणालाच देता येत नाही. लिपरशेला दुर्बिणी बनवून देण्याचे पैसे मात्र चांगले मिळाले. तेव्हा तिचा उपयोग लांबून येणारं जहाज नाहीतर शत्रूचं सैन्य बघायला, आकाशाचं कोणाच्या डोक्यातच नव्हतं.

मग गॅलिलिओचं एवढं नाव कशामुळे?

त्याने ती वर वळवली, आणि मुख्य म्हणजे रोज बघितलं आणि रोज लिहून ठेवलं. वर वळवणारा तो एकटा नव्हता, इंग्लंडमध्ये थॉमस हॅरियटने जुलै १६०९ मध्येच दुर्बिणीतून चंद्राचं चित्र काढलं होतं, गॅलिलिओच्या काही महिने आधी. पण हॅरियटने ते छापलं नाही.

गॅलिलिओ तेव्हा इटलीत पादुआला शिकवायचा. त्याने स्वतः काचा घासून आधी ३ पट, मग ८-९ पट आणि १६०९ च्या शेवटापर्यंत जवळपास २० पट मोठं दाखवणारी दुर्बीण बनवली. ७ जानेवारी १६१० च्या संध्याकाळी त्याने गुरूकडे बघितलं तर गुरूच्या शेजारी तीन बारीक तारे एका ओळीत, दोन पूर्वेला आणि एक पश्चिमेला. असतील मागचे तारे असं त्याला वाटलं. ८ तारखेला बघतो तर तिन्ही पश्चिमेला. ९ तारखेला ढग. १० तारखेला दोनच दिसले आणि तेही पूर्वेला. तारे असे इकडून तिकडे कसे जातील? १३ तारखेला चौथा दिसला. रोजची छोटी छोटी चित्रं त्याने वहीत काढून ठेवली, आणि त्यातून त्याला कळलं की हे गुरूभोवती फिरणारे चंद्र आहेत. म्हणजे सगळं काही पृथ्वीभोवतीच फिरतं ही त्या काळची पक्की समजूत तिथेच मोडली.

त्याच वर्षी मार्चमध्ये त्याने हे सगळं पुस्तक करून छापलं. त्यात चंद्रावर डोंगर आणि खड्डे आहेत हे होतं, आकाशगंगेचा पांढरा पट्टा म्हणजे असंख्य बारीक तारे आहेत हेही होतं. नंतर वर्षाच्या शेवटी शुक्राला चंद्रासारख्या कला असतात हे त्याने बघितलं, आणि ज्या प्रकारच्या कला दिसल्या त्या शुक्र सूर्याभोवती फिरत असेल तरच दिसू शकतात.

आमचा मुलांना नेहमीचा आग्रह असतो की गुरू दिसत असेल तेव्हा चार-पाच रात्री लागोपाठ बघा आणि चंद्रांच्या जागा वहीत काढा, साधी १० बाय ५० ची (१० पट दाखवणारी, ५० मिलिमीटर भिंगांची) बायनोक्युलर स्टँडवर घट्ट बसवली तरी चालते. शाळेत हा प्रयोग करून घेणं पाठ्यपुस्तकाच्या दहा पानांपेक्षा मोठं आहे असं माझं ठाम मत आहे.

भास्कराचार्य आपल्या चाळीसगावकडचे, त्यांच्याकडे दुर्बीण होती का?

नव्हती. आणि नव्हती हे सांगताना कमीपणा वाटायचं काहीच कारण नाही, उलट दुर्बीण नसताना त्यांनी जे केलं ते जास्त मोठं आहे. भास्कराचार्यांचा जन्म १११४ चा आणि सिद्धान्तशिरोमणी ११५० चा, म्हणजे तेव्हा वय ३६. काचेची दुर्बीण यायला अजून साडेचारशे वर्षं होती. पृथ्वी गोल आहे, तिला कशाचा आधार नाही, तिच्यात ओढून घ्यायची शक्ती आहे, हे सगळं त्यात लिहिलंय. ग्रहणं, ग्रहांच्या जागा, दिवस लहानमोठा कसा होतो याचं गणित आहे. यंत्रांवर वेगळा अध्याय आहे, शंकू, घटिका, चक्र, फलकयंत्र वगैरे, आणि या सगळ्यांच्या वर त्यांनी धीयंत्र ठेवलंय, म्हणजे बुद्धी.

पृथ्वी मध्यभागी आणि बाकीचे ग्रह तिच्याभोवती असंच त्यांचंही गणित होतं, हेही खरंखुरं सांगायला पाहिजे. नुसत्या डोळ्यांनी बघून त्या काळी जगभर सगळीकडे हेच चाललं होतं.

त्यांचं गाव विज्जडविड, ते नेमकं कोणतं यावर अभ्यासकांत वाद आहे. पण चाळीसगावजवळच्या पाटणला, पाटणादेवीच्या परिसरात जो शिलालेख सापडला तो पक्का पुरावा आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला तिथे मठ काढला आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्याला दान दिलं, १२०७ च्या सुमाराची ही गोष्ट. हा लेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. म्हणजे आठशे वर्षांपूर्वी आपल्या खान्देशात खगोलगणिताचं शिक्षण चालू होतं. लोक पाटणादेवीला दर्शनाला जातात, धबधबा बघतात आणि निघून येतात, हे फार कमी जणांना माहीत असतं. (मुक्ताईनगरजवळचं चांगदेव गाव आणि हा चांगदेव यांची गल्लत करू नका, वेगळा विषय आहे.)

भारतात दुर्बीण कधी आली?

याचं उत्तर आपल्या तापीच्या टोकाला आहे. जेरेमी शेकर्ली नावाचा एक तरुण इंग्रज सुरतला आला होता, आणि १६५१ मध्ये बुध ग्रह सूर्याच्या तबकडीवरून सरकतो ते त्याने तिथून दुर्बिणीने बघितलं. भारतातून दुर्बिणीने केलेल्या अगदी सुरुवातीच्या निरीक्षणांमध्ये हे मोजतात. इंग्लंडमधून ते दिसणारच नव्हतं, कारण त्या वेळेला तिथे रात्र असणार होती आणि इकडे दिवस. तेव्हा बुऱ्हाणपूरचा माल खान्देशातूनच सुरतेच्या बंदराला जायचा.

नंतर १६८९ मध्ये पाँडिचेरीहून फादर रिशो यांनी मित्र नावाचा तेजस्वी तारा बघितला, तर तो एक नाही, दोन तारे निघाले. पुढे पुण्यातही १८८८ ला कावसजी नायगमवाला यांनी सायन्स कॉलेजात महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी केली, तिथली २० इंची दुर्बीण त्या काळी देशातली सगळ्यात मोठी. ती वेधशाळा बंद पडली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. वाईट वाटतं.

तुमच्या दुर्बिणीत किती पट मोठं दिसतं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि खरं तर विचारायला पाहिजे दुसरंच, की काच किंवा आरसा किती इंचाचा. दुर्बिणीचं पहिलं काम मोठं दाखवणं नाही, प्रकाश गोळा करणं आहे. पाऊस पडताना अंगणात वाटी ठेवली आणि घमेलं ठेवलं तर घमेल्यात जास्त पाणी साचणार, तसंच आहे हे. अंधारात आपल्या डोळ्याची बाहुली जास्तीत जास्त ७ मिलिमीटर उघडते. ६ इंची आरसा म्हणजे साधारण १५० मिलिमीटर, हिशोब केला तर डोळ्यापेक्षा साडेचारशे पट जास्त प्रकाश. म्हणून जे तारे इतके मंद आहेत की डोळ्याला दिसतच नाहीत ते दुर्बिणीत दिसायला लागतात. पट काय, आयपीस म्हणजे डोळा लावायचं भिंग बदललं की पट बदलते.

दुर्बिणीचा पुढचा सगळा इतिहास एवढ्यावरच चाललाय. तोंड मोठं झालं की विश्व मोठं झालं.

काच चांगली की आरसा?

सुरुवातीच्या सगळ्या दुर्बिणी भिंगाच्या. भिंगातून जाताना वेगवेगळे रंग वेगवेगळ्या ठिकाणी जमतात आणि ताऱ्याभोवती रंगीत कडा दिसते. यावर त्या काळी उपाय काय, तर दुर्बीण लांब करा. हेवेलियसने डान्झिगला १५० फूट लांबीची केली होती, खांबाला दोऱ्यांनी टांगून. वारा आला की हलायची.

न्यूटनने १६६८ मध्ये भिंगाऐवजी धातूचा अंतर्गोल आरसा लावला, आरशात रंग फाकत नाहीत. आरसा जेमतेम सव्वा-दीड इंचाचा. भिंगाची रंगाची भानगड नंतर दोन प्रकारच्या काचा जोडून बरीच कमी झाली, पण मोठं भिंग फक्त कडेनेच धरता येतं, आणि जास्त मोठं केलं तर स्वतःच्या वजनानेच वाकतं. म्हणून अमेरिकेतल्या यर्किस वेधशाळेतलं ४० इंचांचं भिंग, १८९७ चं, त्याच्यापुढे मोठी भिंगाची दुर्बीण वेधासाठी कोणी चालवली नाही. आज जगातल्या सगळ्या मोठ्या दुर्बिणी आरशाच्या.

शनी बघितला तर साडेसाती मागे लागते का?

हसू नका, हा प्रश्न खरंच येतो, आणि विचारणारे मनापासून विचारतात. काही आयाबाया मुलांना मागे ओढतात. आम्ही शांतपणे सांगतो की शनी इथून सव्वाशे कोटी किलोमीटरच्या आसपास नाहीतर त्याहून लांब असतो, त्याचा प्रकाश इथे पोचायला तासाभरापेक्षा जास्त लागतो, आणि तो प्रकाशही सूर्याचाच परत फिरलेला. तुम्ही बघितलं म्हणून त्याला कळत नाही आणि तो तुमच्याकडे बघत नाही.

मग एखादी आजी धीर करून डोळा लावते आणि कडं दिसतं. आमच्याकडे एक आजी आयपीसवरून उठायलाच तयार नव्हती, "हाऊ खरंच शनी शे का?" असं दोनदा विचारलं आणि मग नातवाला स्वतः हाताला धरून पुढे आणलं.

हे कडं गॅलिलिओलाही कळलं नव्हतं. १६१० मध्ये त्याला शनीच्या दोन्ही बाजूंना दोन गोळे दिसले, १६१२ मध्ये ते गायबच झाले. त्याची दुर्बीण लहान होती. नंतर हॉयगेन्सने चांगली दुर्बीण बनवून १६५५ ला शनीचा चंद्र टायटन शोधला आणि १६५९ ला छापून सांगितलं की हे पातळ सपाट कडं आहे, दर १५ वर्षांनी साधारण ते आपल्याला कडेवर दिसतं तेव्हा नाहीसं झाल्यासारखं वाटतं.

प्रकाशाला वेग आहे हे कोणी मोजलं? घड्याळ लावून?

गुरूचे चंद्रच कामाला आले. आयो हा चंद्र गुरूच्या सावलीत ठरलेल्या वेळाने जातो. पॅरिसला ओले रोमर या डॅनिश माणसाच्या लक्षात आलं की पृथ्वी गुरूपासून लांब गेली की ही ग्रहणं उशिरा होतात, जवळ आली की लवकर. १६७६ मध्ये त्याने सांगितलं की प्रकाशाला यायला वेळ लागतो म्हणून असं होतं. पृथ्वीच्या कक्षेचा आडवा पल्ला पार करायला प्रकाशाला २२ मिनिटं लागतात असा त्याचा अंदाज, खरं उत्तर पावणेसतरा मिनिटांच्या आसपास. साडेतीनशे वर्षांपूर्वी एवढं जवळ!

नवीन ग्रह पहिल्यांदा कोणी शोधला?

विल्यम हर्षल. पेशाने बँडवाला म्हणजे संगीतकार, इंग्लंडमधल्या बाथ गावात शिकवण्या करायचा आणि घरीच धातू ओतून आरसे घासायचा. आरसा घासताना हात काढला तर पॉलिश बिघडतं, म्हणून त्याची बहीण कॅरोलिन त्याला हाताने घास भरवायची, एकदा तर तो सलग १६ तास घासत होता असं तिनेच लिहून ठेवलंय. १३ मार्च १७८१ ला त्याला घराच्या मागच्या बागेतून एक तारा ठिपक्यासारखा न दिसता बारीक तबकडीसारखा दिसला. आधी धूमकेतू वाटला. तो युरेनस निघाला, शनीच्या दुप्पट अंतरावर, म्हणजे एका रात्रीत आपली सूर्यमाला दुप्पट झाली.

कॅरोलिनबद्दल वेगळं सांगायला पाहिजे. तिने स्वतः आठ धूमकेतू शोधले आणि राजाकडून तिला पगार मिळायचा, त्या काळात बाईमाणसाला विज्ञानाच्या कामाचा पगार ही केवढी गोष्ट. कार्यक्रमात मुली मागे मागे राहतात तेव्हा आम्ही तिची गोष्ट सांगतो आणि त्यांनाच पहिल्यांदा आयपीसला बोलावतो.

ताऱ्यांचं अंतर मोजतात कसं, तिथे कोण गेलंय?

एक बोट डोळ्यासमोर धरा, आधी डावा डोळा मिटा मग उजवा, बोट मागच्या भिंतीवर सरकल्यासारखं दिसतं. पृथ्वी सहा महिन्यांत सूर्याच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जाते तेव्हा जवळचा तारा मागच्या लांबच्या ताऱ्यांसमोर असाच अगदी थोडासा सरकतो. हे सरकणं इतकं बारीक आहे की दुर्बीण आल्यावरही सव्वादोनशे वर्षं कोणाला मोजता आलं नाही. १८३८ मध्ये बेसेलने हंस तारकासमूहातल्या ६१ नंबरच्या ताऱ्याचं मोजलं, अंतर आलं १० प्रकाशवर्षांच्या थोडं वर (प्रकाश एका वर्षात जेवढा जातो ते एक प्रकाशवर्ष). आजचा आकडा ११.४.

आणि तारा कशाचा बनलाय हे?

त्याचा प्रकाश लोलकातून फाकवून. फ्राउनहोफरने १८१४ मध्ये सूर्याच्या रंगपटात शेकडो काळ्या रेघा बघितल्या, पुढे कळलं की प्रत्येक मूलद्रव्याच्या रेघा ठरलेल्या जागी असतात. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाला फ्रान्सचा जान्सेन आपल्या गुंटूरला आला होता, तेव्हाच्या निरीक्षणांतून आणि लॉकियरच्या कामातून जी पिवळी रेघ पुढे आली ती पृथ्वीवरच्या कोणत्याच पदार्थाची नव्हती. तो हेलियम. आधी सूर्यावर सापडला, जमिनीवर नंतर.

१९२५ मध्ये सेसिलिया पेन या पंचविशीतल्या मुलीने प्रबंधात दाखवलं की तारे मुख्यतः हायड्रोजनचे आहेत. मोठ्या प्राध्यापकांनी तिला हा निष्कर्ष सौम्य करायला लावला. काही वर्षांनी तेच खरं ठरलं.

आपली आकाशगंगा म्हणजेच विश्व नाही हे कधी कळलं?

फार अलीकडे, शंभर वर्षं झाली फक्त. आपल्या पणजोबांच्या लहानपणी जगातल्या मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाही ते ठामपणे माहीत नव्हतं, विचार करून बघा. एप्रिल १९२० मध्ये शॅप्ली आणि कर्टिस या दोन अमेरिकन खगोलशास्त्रज्ञांत वॉशिंग्टनला यावर जाहीर चर्चा झाली. शॅप्ली म्हणे हे गोल गोल फिरलेले धुरकट ढग आपल्या आकाशगंगेतलेच, कर्टिस म्हणे ते स्वतंत्र आकाशगंगा आहेत. निकाल लागला नाही कारण अंतर मोजता येत नव्हतं.

किल्ली आधीच सापडलेली होती, आणि ती हेन्रिएटा लेविट या बाईंनी शोधलेली. हार्वर्डमध्ये अगदी कमी पगारावर बायका काचेच्या फोटोप्लेटांवर तारे मोजायचं काम करायच्या, त्यातल्या त्या एक. काही तारे ठरावीक दिवसांनी तेजस्वी-मंद होत राहतात, सेफीड म्हणतात त्यांना. १९१२ मध्ये लेविटबाईंनी दाखवलं की जो सेफीड जास्त दिवस घेतो तो मुळातच जास्त तेजस्वी असतो. म्हणजे दिवस मोजले की खरं तेज कळलं, खरं तेज आणि दिसणारं तेज यांची तुलना केली की अंतर निघालं.

मग अमेरिकेतल्या माउंट विल्सन वेधशाळेतली १०० इंची दुर्बीण आली, १९१७ ची. ऑक्टोबर १९२३ मध्ये एडविन हबलने तिच्यावर देवयानी तारकासमूहातल्या अशाच एका धुरकट ढगाचा फोटो घेतला, एका ठिपक्याला त्याने आधी नवतारा म्हणून खूण केली होती, मग जुन्या प्लेटा काढून ताडून बघितल्यावर ती खोडून लाल शाईने तिथे बदलतो अशी खूण केली, पुढे उद्गारचिन्ह. तो सेफीड होता. अंतर आलं ९ लाख प्रकाशवर्षं, आकाशगंगेच्या कितीतरी बाहेर. आजच्या मोजणीने ते २५ लाख आहे. १ जानेवारी १९२५ ला हे शास्त्रज्ञांच्या सभेत वाचलं गेलं आणि विश्व एकदम केवढं तरी झालं.

मिल्टन ह्युमॅसनचं नाव इथे घेतलंच पाहिजे. शाळा सोडलेला मुलगा, वेधशाळेचं सामान खेचरांवर लादून डोंगरावर न्यायचा. मग तिथेच सफाईच्या कामाला लागला, रात्री मदतनीस झाला, आणि हात इतका बसला की लांबच्या दीर्घिकांचे, म्हणजे आपल्यासारख्या दुसऱ्या आकाशगंगांचे, रंगपट घ्यायचं सगळ्यात अवघड काम हबलने त्याच्यावर सोपवलं. दहावीत नापास झालो आता काय होणार असं म्हणणाऱ्या पोरांना मी ह्युमॅसनबद्दल आवर्जून सांगतो.

विश्व प्रसरण पावतंय, मग आपण पण लांब होतोय का एकमेकांपासून?

नाही, जळगाव ते भुसावळ अंतर तेवढंच राहणार. पृथ्वी, सूर्यमाला, आपली आकाशगंगा हे गुरुत्वाकर्षणाने आणि इतर बलांनी घट्ट बांधलेले आहेत. दीर्घिकांच्या समूहांमधली जागा वाढतेय. लमेत्र या बेल्जियमच्या धर्मगुरूने १९२७ मध्ये हे गणितातून मांडलं, १९२९ मध्ये हबलने मोजमापं दिली की दीर्घिका जेवढी लांब तेवढी जास्त वेगाने दूर जाते. याला मध्य नाही. कुठल्याही दीर्घिकेत बसलात तरी बाकीच्या लांब जाताना दिसणार.

उलटं मागे गेलं की सगळं एकेकाळी जवळ, दाट आणि प्रचंड तापलेलं होतं. आजच्या हिशोबाने १३८० कोटी वर्षांपूर्वी. त्या सुरुवातीलाच महास्फोट म्हणतात.

त्या तापलेल्या काळाचा पुरावा काय पण?

एक खरखर. १९६४ मध्ये पेन्झियास आणि विल्सन हे दोघे अमेरिकेत एका मोठ्या कर्ण्यासारख्या अँटेनावर काम करत होते. अँटेना कुठेही फिरवा, दिवस-रात्र, उन्हाळा-हिवाळा, एक बारीकशी खरखर जाईना. आत कबुतरांनी घरटं केलं होतं, ते काढलं, विष्ठा साफ केली, तरी खरखर तशीच. ती सगळ्या विश्वात भरून राहिलेली जुनी उष्णता होती, आता थंड होऊन उणे २७० अंश सेल्सिअसच्या आसपास आलेली. दोघांना १९७८ चं नोबेल मिळालं.

रेडिओ दुर्बिणीत डोळा कुठे लावायचा?

डोळा लावायचाच नसतो. ताऱ्यांकडून, वायूंच्या ढगांकडून रेडिओलहरीही येतात, त्या तबकडीने गोळा करायच्या आणि कॉम्प्युटरने चित्र बनवायचं. आकाशगंगेतून रेडिओलहरी येतात हे कार्ल जान्स्की या इंजिनिअरने १९३० च्या दशकात टेलिफोनच्या कामात खरखर कुठून येते ते शोधताना पकडलं.

जगातल्या मोठ्या रेडिओ दुर्बिणींपैकी एक आपल्या महाराष्ट्रात आहे, नारायणगावजवळ खोडदला. प्रत्येकी ४५ मीटरच्या ३० तबकड्या, २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या, आणि सगळ्या मिळून एक दुर्बीण. तबकडी पत्र्याची नाही, बारीक तारांची जाळी आहे, त्यामुळे वारा आरपार जातो, वजन कमी, खर्च कमी. ही डोकॅलिटी प्रा. गोविंद स्वरूप यांची. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमाराला, म्हणजे २८ फेब्रुवारीला, तिथे विज्ञान प्रदर्शन असतं, शाळांनी एसटी करून एकदा तरी मुलांना न्यावं, शिर्डीच्या सहलीला जोडूनसुद्धा जमतं.

हबल आणि वेब या अंतराळातल्या दुर्बिणींमध्ये फरक काय?

हबल एप्रिल १९९० ला वर गेली, २.४ मीटरचा आरसा. पृथ्वीची हवा मध्ये नसल्यामुळे चित्र एकदम स्वच्छ यायला हवं होतं, पण आलं धूसर, कारण आरशाची कड जवळपास २ मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जास्त घासली गेली होती, केसाच्या जाडीच्या कितीतरी कमी. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी जाऊन दुरुस्ती केली. मग डिसेंबर १९९५ मध्ये तिने सप्तर्षींजवळच्या एका रिकाम्या वाटणाऱ्या छोट्याशा तुकड्याकडे १० दिवस रोखून बघितलं आणि त्या इवल्याशा जागेत ३००० च्या आसपास दीर्घिका निघाल्या.

वेब २५ डिसेंबर २०२१ ला गेली. आरसा साडेसहा मीटरचा, १८ षटकोनी तुकड्यांचा, वर सोन्याचा पातळ थर. ती पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर असते आणि अवरक्त, म्हणजे लाल रंगाच्या पलीकडचा, आपल्या डोळ्याला न दिसणारा प्रकाश बघते. लांबच्या दीर्घिकांचा प्रकाश इथे येईपर्यंत विश्वाच्या प्रसरणामुळे ताणून अवरक्त झालेला असतो, म्हणून. महास्फोटानंतर ३० कोटी वर्षांच्या आसपासच्या दीर्घिका तिने दाखवल्यात.

म्हणजे दुर्बिणीतून भूतकाळ दिसतो हे खरं?

अगदी खरं, आणि त्याला वेबही लागत नाही. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अंधाऱ्या गावातून देवयानीचा तो धुरकट ठिपका नुसत्या डोळ्यांनी दिसतो. तो प्रकाश निघाला तेव्हा पृथ्वीवर आपल्यासारखा माणूस नव्हता.

आता सगळं कळलं असेल ना शास्त्रज्ञांना?

छे! तारे, ग्रह, वायू, आपण, हे सगळं मिळून विश्वाचा फक्त ५ टक्के हिस्सा. साधारण २७ टक्के कृष्ण पदार्थ, दिसत नाही पण त्याचं गुरुत्वाकर्षण जाणवतं. व्हेरा रुबिन यांनी १९७० च्या दशकात दीर्घिकांच्या कडेचे तारेसुद्धा अपेक्षेपेक्षा जोरात फिरतात हे दाखवल्यावर तो मानावाच लागला. उरलेले ६८ टक्के कृष्ण ऊर्जा, १९९८ मध्ये कळलं की प्रसरण मंदावत नाहीये, वाढतंय. दोन्ही म्हणजे नक्की काय, कोणालाच सांगता येत नाही अजून. शिवाय प्रसरणाचा वेग एका पद्धतीने एक येतो आणि दुसऱ्या पद्धतीने त्याहून जास्त, भांडण चालूच आहे.

मोबाईलवर रंगीबेरंगी फोटो दिसतात, तुमच्या दुर्बिणीत सगळं करडं का?

मंद उजेडात आपल्या डोळ्याला रंग कळत नाही. कॅमेरा तासन्‌तास प्रकाश साठवतो, डोळा साठवत नाही. आणि वेबचे रंग तर आपल्याला न दिसणाऱ्या प्रकाशाला नंतर दिलेले असतात. पण शनीचं कडं, चंद्राचे खड्डे, गुरूचे पट्टे हे डोळ्यांनी बघायची मजा फोटोत नाही.

मुलासाठी कोणती घेऊ?

डब्यावर ६७५ पट असं मोठ्या अक्षरात छापलेलं असेल तर घेऊ नका. एका इंचाला फार तर ५० पट, म्हणजे ३ इंचीवर १५० च्या पुढे नुसतं धूसर दिसणार. आधी १० बाय ५० ची बायनोक्युलर घ्या. वर्षभर तिचा वापर झाला तर मग ६ इंची आरशाची, साध्या लाकडी फिरत्या बैठकीवरची, डॉब्सोनियन म्हणतात ती. स्टँड डगमगणारा असेल तर आतलं भिंग कितीही भारी असो, काही उपयोग नाही.

आणि दुर्बिणीने किंवा बायनोक्युलरने सूर्याकडे कधीही बघू नका. एका क्षणात डोळा कायमचा जातो. स्वस्त दुर्बिणींसोबत आयपीसला लावायची छोटी काळी काच मिळते, ती उष्णतेने तडकते, ती आधी फेकून द्या.

खान्देशातून खास काय दिसतं?

आपण साधारण २१ अंश उत्तरेला आहोत, त्यामुळे ध्रुवतारा जेमतेम २१ अंश वर दिसतो पण बदल्यात दक्षिणेचं आकाश बरंच मिळतं. अगस्त्य हा तेजस्वी तारा हिवाळ्यात छान दिसतो. एप्रिल-मेच्या रात्री नरतुरंगातला ओमेगा नावाचा तारकागुच्छ दक्षिण क्षितिजाच्या वर २१ अंशांपर्यंत येतो, १७ हजार प्रकाशवर्षांवरचा जवळपास एक कोटी ताऱ्यांचा गोळा, बायनोक्युलरमध्ये कापसाच्या बोंडासारखा. पादुआहून तो क्षितिजाच्या वर येतच नाही, म्हणजे गॅलिलिओला तो तिथून कधीच दिसला नसता.

रात्रीच्या लाईटला मोटर चालू करायला मळ्यात जाणाऱ्या शेतकऱ्यांना यातलं बरंच डोळ्यांनी माहीत असतं, नावं फक्त वेगळी.

कुठे आणि कधी जायचं?

जळगाव, धुळे, भुसावळ शहरातून चंद्र आणि ग्रह ठीक, बाकी आता पांढऱ्या एलईडीने धुऊन गेलंय. सातपुड्यात तोरणमाळ सगळ्यात चांगलं, उंची आहे आणि अंधार आहे. रावेर तालुक्यातलं पालही चांगलं. पाटणादेवीचा भाग अभयारण्यात येतो, तिथे रात्री थांबायचं तर वनखात्याला विचारूनच. जून ते सप्टेंबर ढग, तेव्हा विसरा. दिवाळीनंतर ते मार्चपर्यंत उत्तम, ओमेगासाठी एप्रिल-मे. अमावस्येच्या आगेमागे तीन-चार दिवस धरा, चंद्रच बघायचा असेल तर मात्र पौर्णिमा नको, शुद्ध सप्तमी-अष्टमीला खड्ड्यांच्या सावल्या लांब पडतात. गावात कार्यक्रम असेल तर ग्रामपंचायतीला आधी सांगून दोन तास हायमास्ट बंद ठेवायची विनंती करा, बहुतेक वेळा ऐकतात. टॉर्चला लाल कागद लावा. मोबाईल खिशात, आणि डोळ्याला अंधाराची सवय व्हायला वीस मिनिटं द्या.